मुलाबाळांसकट यूटाला शिकायला निघताना

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत कडेवर मूल घेऊन पीएचडी करणारा माणूस उठून दिसतो. यूटात तो चारचौघांतला एक असतो. या राज्यात मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची वस्ती मोठी. त्यांच्यात लग्नं लवकर होतात आणि शिक्षण चालू असतानाच मुलंही होतात. त्यामुळे विद्यापीठाच्या फॅमिली अपार्टमेंटमध्ये दारोदारी बाबागाड्या आणि तीनचाकी सायकली लावलेल्या असतात. आयडाहो किंवा ॲरिझोनाहून आलेलं, दोन-तीन लेकरांचं, एका स्टायपेंडवर चाललेलं बिऱ्हाड तुमच्या शेजारी असण्याची शक्यता भरपूर.

मी इथे नवरा आणि मुलीला घेऊन पीएचडीला आले. मी विद्यार्थिनी, नवरा एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर. इतकी वर्षं या शेजारात काढल्यावर माझं ठाम मत झालं आहे की संसारासकट गाव कसं बदलावं हे मॉर्मन विद्यार्थी कुटुंबांकडून शिकावं. घर नक्की होण्याआधीच त्यांची माणसं नक्की झालेली असतात. त्यांच्या चर्चची रचनाच तशी आहे. प्रत्येक पत्ता कुठल्या ना कुठल्या 'वॉर्डा'त येतो, म्हणजे साधारण एका मोहल्ल्याची मंडळी. वॉर्डाचा प्रमुख, म्हणजे बिशप, हा पगारी धर्मगुरू नसतो. तो शिक्षक, दंतवैद्य, इंजिनिअर असं आपलं काम सांभाळून ही जबाबदारी काही वर्षं घेतो. नवं कुटुंब येणार असलं की वॉर्डाला आधीच कळतं. मग ज्या दिवशी ट्रक येतो त्या दिवशी पाच-दहा पुरुष बाह्या सरसावून हजर असतात.

आपल्यामागे वॉर्ड नसतो. पण त्यांची पद्धत उचलता येते, आणि त्यांची मदतही घेता येते. कशी, ते क्रमाने सांगते.

कागदपत्रं

प्रवेशाचं पत्र आलं की पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला कळवा की जोडीदार आणि मुलं बरोबर येणार आहेत. प्रत्येकाचा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा कागद, वेगळा निघतो, अगदी तान्ह्या बाळाचासुद्धा. प्रत्येक माणसामागे बँकेत दाखवायची रक्कमही वाढते. विद्यार्थ्याला फी माफ असली आणि स्टायपेंड असला तरी कुटुंबाच्या खर्चापुरते पैसे वेगळे दाखवावे लागू शकतात, म्हणून मुदत ठेवी वगैरे आधीच जुळवून ठेवा.

विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढलं नसेल तर आताच काढा. लग्नाचे फोटो आणि पत्रिका यांवर भागत नाही. मुलाच्या जन्मदाखल्यावर त्याचं नाव आहे ना, हे बघा. आपल्याकडे बरेच दाखले बारशाच्या आधीच निघतात आणि नावाची जागा कोरी राहते. आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळलं पाहिजे. सेविस फी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची फी, फक्त विद्यार्थ्याची भरायची, एफ-२ वाल्यांची नाही.

आय-२० वर जी सुरुवातीची तारीख असते तिच्या ३० दिवस आधीपासूनच विद्यार्थ्याला अमेरिकेत शिरता येतं. कुटुंब त्याच्याबरोबर किंवा नंतर जाऊ शकतं, पण त्याच्या आधी नाही. 'आधी मी जातो, बस्तान बसवतो, मग तुम्ही या' असं पुष्कळजण ठरवतात. मूल शाळेच्या वयाचं असेल तर मी हे सुचवणार नाही. यूटातल्या शाळा ऑगस्टमध्येच सुरू होतात. वर्गात सगळीच मुलं नवी असताना आपलं मूल त्यांत मिसळणं, आणि नोव्हेंबरात मधूनच एकटं जाऊन बसणं, यांत फार फरक आहे.

लसी: याला सहा महिने लागतात

ही गोष्ट लोक शेवटच्या आठवड्यावर ढकलतात आणि मग मुलाचा शाळाप्रवेश रखडतो. यूटातल्या बालवाडीला, म्हणजे किंडरगार्टनला, गोवर-गालगुंड-रुबेला यांचे दोन डोस, कांजिण्यांचे दोन, हिपॅटायटिस ए चे दोन, हिपॅटायटिस बी चे तीन, शिवाय डीपीटी आणि पोलिओ असं सगळं लागतं. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला मिळते, गालगुंडाची लस त्यात नसते. कांजिण्या आणि हिपॅटायटिस ए यांच्याही लसी सरकारी कार्यक्रमात नाहीत. खासगी बालरोगतज्ज्ञाकडे घेतल्या असतील तरच त्या कार्डावर असणार.

आणखी एक बारकावा. १ एप्रिल २०१६ नंतर तोंडाने दिलेले पोलिओचे थेंब अमेरिकेत हिशेबात धरत नाहीत. इंजेक्शनने दिलेले डोस धरतात. हिपॅटायटिस ए च्या दोन डोसांत सहा महिन्यांचं अंतर लागतं. म्हणजे ऑगस्टात निघणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारीतच डॉक्टरांकडे जाऊन कार्ड तपासून घ्या. प्रत्येक लसीची तारीख दिवस-महिना-वर्षासह, इंग्रजीत, सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. बीसीजी दिल्याचंही त्यात नमूद करा. क्षयाची त्वचेवरची चाचणी बीसीजीमुळे पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा रक्ताची चाचणी मागता येते.

निघण्याआधी सगळ्यांचे दात आणि डोळे तपासून घ्या. विद्यापीठाच्या आरोग्य विम्यात दात-चष्मा बहुधा वेगळे असतात. जोडीदार आणि मुलांचा विमा घरखर्चातला मोठा आकडा ठरतो, तो आधीच विचारा आणि स्टायपेंडमधून वजा करून मगच घरभाड्याचा विचार करा.

घर

सॉल्ट लेक सिटीत युनिव्हर्सिटी ऑफ यूटा, तिथून सुमारे ७० किलोमीटर दक्षिणेला प्रोव्होत ब्रिगॅम यंग युनिव्हर्सिटी म्हणजे बीवाययू, आणि उत्तरेला लोगनमध्ये यूटा स्टेट युनिव्हर्सिटी. तिन्ही ठिकाणी कुटुंबवाल्या विद्यार्थ्यांसाठी घरं आहेत. बीवाययूचं वायमाउंट टेरेस आणि लोगनचं ॲगी व्हिलेज ही नावं तुम्हाला वारंवार ऐकू येतील. या घरांना प्रतीक्षायादी असते. व्हिसाची वाट न बघता प्रवेश मिळाल्या मिळाल्या अर्ज टाका.

बाहेर भाड्याने घेतलंत तर आधी शाळा बघा. सरकारी शाळेत मुलाला फी न भरता प्रवेश मिळतो, पण कुठली शाळा ते पत्त्यावरून ठरतं, आणि पुरावा म्हणून भाडेकरार मागतात. किंडरगार्टनसाठी १ सप्टेंबरपर्यंत मुलाला पाच वर्षं पूर्ण झालेली हवीत. त्याहून लहान असेल तर खासगी प्रीस्कूल, आणि ते महाग.

गाडी पहिल्या दिवसापासून हवीच असं नाही. सॉल्ट लेकमध्ये ट्रॅक्स नावाची लोकल थेट विद्यापीठात जाते. लोगनमध्ये शहर बसला तिकीटच नाही. सॉल्ट लेक ते प्रोव्हो फ्रंटरनर ही रेल्वेगाडी आहे, फक्त ती रविवारी धावत नाही.

बॅगेत काय

सॉल्ट लेक सिटी साधारण १,३०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे जवळपास महाबळेश्वराइतकी. इथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर रटरटली तरी दाणा राहतो. प्रेशर कुकर आणा, शिट्टी आणि दोन जादा गास्केटसह. मिक्सर आणू नका. तिथली वीज १२० व्होल्टची, आपला मिक्सर तिथे चालणार नाही. गोडा मसाला, मेतकूट, हिंग आणि मुलाच्या नेहमीच्या औषधांचा डॉक्टरांच्या चिठ्ठीसह साठा आणा. विमानतळावर खाण्याचे पदार्थ आहेत असं सरळ सांगा. ताजी फळं, भाज्या, बिया नकोत.

भांडी, गाद्या, मुलांचे जाड कपडे यांत वजन घालवू नका. इथे 'डेझरेट इंडस्ट्रीज' नावाची चर्चची जुन्या वस्तूंची दुकानं आहेत, सगळे 'डीआय' म्हणतात. बर्फातले बूट, बाबागाडी, जेवणाचं टेबल, पुस्तकं, सगळं तिथे स्वस्तात मिळतं. मुलांचं सामान तर विशेष चांगलं, कारण इथे मुलं भरपूर आणि ती भराभर मोठी होतात. शनिवारी सकाळी जा, रविवारी बंद.

एक गोष्ट मात्र जुनी घेऊ नका: मुलाची कार सीट. तिला अपघाताचा धक्का बसून गेलाय का, ते वरून दिसत नाही. यूटात आठ वर्षांखालच्या मुलाला गाडीत सीट लागतेच, उंची ५७ इंच झाली असेल तरच सूट. कुणी विमानतळावर घ्यायला येणार असेल तर सीटची सोय आधी विचारून घ्या.

शेजारी

आमच्या वरच्या मजल्यावर एक जोडपं राहायला आलं, त्या दिवशीचं दृश्य सांगते. ट्रक दहा वाजता लागला. दोन पुरुष ट्रकमध्ये चढून खोकी पुढे सरकवत होते, बाकीचे जिन्यावर पायरी-पायरीला उभे, हातोहात खोकी वर. एक बाई तिन्ही पोरांना घेऊन अंगणात बसलेली. दुसरी स्वयंपाकघरात शिरून फक्त ताटं-वाट्या धुऊन फडताळात लावत होती. बाराच्या आत ट्रक रिकामा. पुढच्या आठवड्याचं रात्रीचं जेवण कोण कुठल्या दिवशी आणणार, याची यादी फ्रिजवर चिकटवून मंडळी गेली. आलेल्या जोडप्याला यांतलं कुणीही आधी भेटलेलं नव्हतं.

हीच मदत तुम्हालाही मिळते. त्यासाठी चर्चला जावं लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत शेजारची चार दारं वाजवा, नाव सांगा, मुलं दाखवा, आणि काय हवंय ते स्पष्ट बोला: 'आम्हाला एक गादी हवी आहे', 'शाळेचं कार्यालय कुठे आहे दाखवाल का?' आपल्याला भीड वाटते, कुणाला कशाला त्रास असं वाटतं. इथे न मागणाऱ्याला काही नको असावं असं धरून चालतात.

काही गोष्टी माहीत असल्या की ये-जा सोपी होते. ही मंडळी चहा, कॉफी, दारू, तंबाखू घेत नाहीत. पाहुण्यापुढे चहाचा कप ठेवला की त्यांना नाही म्हणावं लागतं आणि दोघंही अवघडतात. कोकम सरबत, पन्हं, थंडीत हॉट चॉकलेट ठेवा. महिन्याच्या पहिल्या रविवारी पुष्कळांचा उपास असतो. दोन वेळचं जेवण सोडायचं आणि त्याचे पैसे गरजूंसाठी द्यायचे. त्या दिवशी दुपारी जेवायला बोलावू नका. रविवारी बऱ्याच घरांतली मुलं बाहेर खेळायला येत नाहीत, खरेदीही टाळतात. सोमवारची संध्याकाळ अनेक घरांत कुटुंबासाठी राखलेली असते. मुलाचा वाढदिवस शनिवारी करा, सगळे येतील. तारखेप्रमाणे रविवारी केलात तर निम्मी मुलं येणार नाहीत आणि तुमचं लेकरू हिरमुसेल.

तुम्ही शाकाहारी असाल तर पहिल्याच भेटीत सांगा आणि उदाहरण देऊन सांगा. बटाट्याचा किसलेला भाजलेला पदार्थ इथे घरोघरी होतो, वरून चीज आणि कॉर्नफ्लेक्स, दिसायला निव्वळ शाकाहारी. पण आत बहुधा चिकनचं घट्ट सूप असतं. रंगीबेरंगी जेली इथल्या प्रत्येक समारंभात असते, तीत आणि मार्शमेलोत जिलेटिन म्हणजे प्राण्यांपासून काढलेला पदार्थ असतो. करणाऱ्या बाईच्या मनात फसवायचं काही नसतं. मांसाचे तुकडे नाहीत म्हणजे शाकाहारी, इतकंच तिला माहीत असतं.

कुकीजची बशी दारात येईल. ती रिकामी परत करू नये हा आपला रिवाज इथे फार कामाला येतो. शंकरपाळे आणि नारळाच्या वड्या मुलांना आवडतात. चिवडा किंवा शेंगदाण्याचा लाडू दिलात तर आत शेंगदाणे आहेत हे सांगूनच द्या. बऱ्याच मुलांना त्याची ॲलर्जी असते, आणि ती जिवावर बेतू शकते.

धर्माबद्दल

हा विषय येणारच, तेव्हा नवरा-बायकोने आधी आपसांत बोलून घ्यावं. पांढरा शर्ट, काळी नावपट्टी लावलेले तरुण जोडीने दार वाजवतील. ते मिशनरी. मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्ष हे काम करतात. नको असेल तर हसून, एकदाच, स्पष्ट सांगा: 'आम्ही हिंदू आहोत, धर्म बदलण्याचा विचार नाही, पण शेजारी म्हणून घरी जरूर या.' मोघम 'बघू, नंतर' म्हणालात तर ते त्याचा अर्थ 'नंतर या' असाच घेतील आणि खरोखरच येतील. स्पष्ट नकारामुळे आमचं एकही नातं तुटलेलं नाही.

मुलांना चर्चच्या 'प्रायमरी'चं, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गाचं, सहलींचं, नाताळच्या नाटकाचं आमंत्रण येतं. पाठवायचं की नाही हा तुमचा निर्णय. आम्ही सहली आणि खेळ यांना पाठवतो, रविवारच्या वर्गाला नाही, आणि कारण मुलीलाही सांगून ठेवलं आहे. त्यांच्यात मुलाचा बाप्तिस्मा, म्हणजे पंथात घेण्याचा विधी, वयाच्या आठव्या वर्षापासून होतो, पण पालकांच्या संमतीशिवाय अजाण मुलाचा होत नाही. तेव्हा ती धास्ती मनात नको. रविवारच्या सभागृहात कुणीही जाऊन बसू शकतं. मंदिर, म्हणजे त्यांचं 'टेंपल', वेगळं. तिथे फक्त त्यांचेच सदस्य जातात. आणि २०१८ पासून चर्चने 'मॉर्मन' ऐवजी पूर्ण नाव वापरण्याची विनंती केली आहे. म्हणून समोर बोलताना 'लॅटर-डे सेंट' म्हटलेलं त्यांना बरं वाटतं.

या लोकांच्या वंशावळीच्या वेडाचा आपल्यालाही उपयोग आहे. सॉल्ट लेक सिटीतल्या फॅमिलीसर्च ग्रंथालयात कुणालाही विनामूल्य बसता येतं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रंसुद्धा त्यांच्या संग्रहात आहेत. त्र्यंबकेश्वरी उपाध्यांच्या वहीत पणजोबांची सही शोधलेल्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही.

प्रवेश बीवाययूत असेल तर

हे विद्यापीठ १८७५ पासूनचं, चर्चचंच आहे. चर्चचे सदस्य नसलेल्यांना फी जास्त पडते, हे हिशेबात धरा. 'ऑनर कोड' नावाचे नियम आहेत आणि ते कॅम्पसबाहेरही लागू असतात. दारू-तंबाखू तर नाहीच, चहा-कॉफीही नाही. दाढी ठेवायची नाही. धार्मिक किंवा वैद्यकीय कारणासाठी रीतसर सूट मागता येते. दरवर्षी धर्मगुरूचं शिफारसपत्र लागतं. ते आपल्या धर्मातल्या व्यक्तीचं किंवा स्थानिक बिशपचंही चालतं. सकाळच्या चहाशिवाय ज्याचा दिवस सुरू होत नाही त्याने सही करण्याआधी प्रामाणिक विचार करावा. सही केल्यावर लपूनछपून पिणं हा मार्ग मला पटत नाही. शब्द दिला तर पाळावा, नाहीतर सॉल्ट लेक किंवा लोगनला अर्ज करावा.

एफ-२ वर आलेला जोडीदार

एफ-२ वर पगारी काम करता येत नाही, घरबसल्या ऑनलाइनही नाही. सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक, मिळत नाही. अर्धवेळ शिकता येतं, आणि बिनपगारी स्वयंसेवा करता येते. विद्यार्थ्यालाही सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. म्हणजे घर एकाच मर्यादित उत्पन्नावर चालणार.

जोडीदाराने पहिल्या महिन्यात गाडी चालवण्याचा परवाना काढायच्या मागे लागावं. सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयातून 'या व्यक्तीला नंबर देता येत नाही' असं पत्र घ्यायचं आणि ते परवाना कार्यालयात दाखवायचं. परवाना हातात आला की दिवसाला आकार येतो. दुसरं ठिकाण म्हणजे सार्वजनिक वाचनालय. लहान मुलांसाठी गोष्टींचा तास असतो, आणि तिथेच पहिल्या ओळखी होतात. सॉल्ट लेकचं मुख्य वाचनालय वास्तुरचनाकार मोशे सफ्दी यांनी बांधलेलं आहे, २००३ साली उघडलेलं. काचेची उंच वळणदार भिंत, आत ऊन. हिवाळ्यातल्या कंटाळवाण्या दुपारी तिथे सहज निघून जातात.

शेजारच्या आया आळीपाळीने एकमेकींची मुलं सांभाळतात. त्या फेरीत सामील व्हा. नवऱ्याने घरी राहून मूल सांभाळणं इथे तितकंसं रुळलेलं नाही. सुरुवातीला आयांच्या घोळक्यात माझा नवरा एकटाच पुरुष असायचा आणि कुणी फारसं बोलायचं नाही. त्याने गुरुवारी दुपारी घरी पोहे करून सगळ्यांना मुलांसकट बोलवायला सुरुवात केली, तेव्हा अढी गेली.

हिवाळा आणि सण

हवा वाळवंटी, कोरडी. पहिल्या महिन्यात मुलांच्या नाकातून रक्त येऊ शकतं. रात्री खोलीत दमट हवेचं यंत्र लावा, नाकाला आतून थोडं खोबरेल लावा. जानेवारीत दरीत थंड हवा अडकून धूर साचतो, 'इन्व्हर्जन' म्हणतात. त्या दिवसांत शाळा मुलांना मैदानात सोडत नाही. दमा असेल तर डॉक्टरांशी आधीच बोला.

२४ जुलैला इथे पायोनियर डे. १८४७ साली मॉर्मनांचे पुढारी ब्रिगॅम यंग याच दिवशी या खोऱ्यात पोचले. मिरवणूक असते, सुट्टी असते. आपल्यासाठी साउथ जॉर्डनला गणपतीचं मंदिर आहे. प्रोव्होजवळ स्पॅनिश फोर्कला राधाकृष्ण मंदिर आहे. तिथल्या रंगपंचमीसारख्या उत्सवात बीवाययूची मुलं हजारोंनी रंगतात. शेजाऱ्यांना गणपतीला आरतीला बोलवा. ते येतात, टाळ्या वाजवतात, आणि मोदक कसा वळतात ते शिकून घेतात.

आणि मार्च महिन्यात कराचा ८८४३ क्रमांकाचा फॉर्म. उत्पन्न असो वा नसो, घरातल्या प्रत्येकाचा, तान्ह्या बाळाचाही, वेगळा भरायचा. विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय कार्यालय त्यासाठी मदत करतं, पण तिथे स्वतः जाऊन विचारावं लागतं.